बर्फातलं गाव फक्त स्कीवाल्यांचं नाही

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यातल्या स्वित्झर्लंडवर लेख आला होता. फोटो छान होते, माहितीपण बरीच होती, पण त्यात एक वाक्य असं होतं की ज्यांना स्की येत नाही त्यांनी हिवाळ्यात आल्प्सच्या गावात मुक्काम करायच्या भानगडीत पडू नये, ट्रेनने वर जाऊन बर्फ बघावा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शहराला लागावं. ते वाचलं आणि राहवेना म्हणून लिहायला बसले. माझं वय ६४, दोन्ही गुडघे दुखतात, स्की आयुष्यात कधी पायाला लावली नाही, आणि यंदा जानेवारीत मी वेंगेन नावाच्या गावात एका शॅलेमध्ये, म्हणजे तिथल्या लाकडी घरात, शनिवार ते शनिवार अशा आख्ख्या सात रात्री राहून आले. लेक आणि जावई जर्मनीत असतात, नातू नऊ वर्षांचा, नात सहाची, त्या चौघांबरोबर. इतकं समाधान मला कुठल्याच प्रवासात मिळालेलं नाही, आणि हे मी दहा दिवसांत पाच देशांची ग्रुप टूर करून आल्यानंतर सांगतेय.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. इंटरलाकेन आपल्याकडच्या सगळ्यांना माहिती असतं, टूरवाले तिथे नेतातच. तिथून छोटी ट्रेन लाउटरब्रुनेनला जाते, साधारण वीस मिनिटं. लाउटरब्रुनेन दरीच्या तळाशी आहे, उंची ८०० मीटरच्या आसपास. तिथे गाडी बदलायची आणि दातेरी रुळांच्या ट्रेनने वर वेंगेनला, १२७४ मीटर. ही वेंगर्नाल्पची रेल्वे १८९३ पासून आहे, पलीकडच्या ग्रिंडेलवाल्ड गावापर्यंत १९ किलोमीटर, आणि सलग दातेरी रुळांची जगातली सगळ्यात लांब रेल्वे म्हणतात ती हीच. वेंगेनला गाडीरस्ताच नाही, मोटारी खाली लाउटरब्रुनेनच्या पार्किंगमध्ये ठेवायच्या आणि सगळ्यांनी ट्रेनने वर यायचं. आपल्या माथेरानला दस्तुरीला गाड्या थांबतात ना, तसंच. दूध, भाजी, गाद्या, सिमेंट, सगळं ट्रेनने वर येतं, आणि गावात फक्त बॅटरीवरच्या छोट्या गाड्या चालतात. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर मला आधी कळेना की नक्की काय वेगळं वाटतंय, मग लक्षात आलं की आवाजच नाही. बर्फ आवाज शोषून घेतो हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं, पण कानांनी ते पहिल्यांदा अनुभवलं.

मी ३३ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'हिमनदीचे कार्य' हा धडा घेताना फळ्यावर दर वर्षी तीच आकृती काढायची, 'यू' आकाराची दरी, दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यावर लोंबती दरी, म्हणजे उंचावरच संपणारी छोटी दरी, आणि तिच्यातून खाली पडणारा धबधबा. नाशिकच्या मुलांना हिमनदी कुठून दाखवणार, डोळे मिटा आणि कल्पना करा असं सांगायचे. आणि लाउटरब्रुनेनला स्टेशनबाहेर येऊन मान वर केली तर माझी ती आख्खी आकृती समोर उभी! सरळसोट कडे, मधे सपाट तळ, आणि श्टाउबबाखचा धबधबा जवळजवळ ३०० मीटरवरून खाली, कडेकडेने गोठलेला, मधून बारीक धार. मला रडू आलं, खरंच सांगते. नात घाबरली, आजीला काय झालं म्हणून. तिला म्हटलं, काही नाही गं, एक जुनी ओळखीची जागा दिसली.

आता शॅलेबद्दल, कारण तुमच्या लेखात शॅले म्हणजे लाकडी हॉटेल असं लिहिलंय ते बरोबर नाही. शॅले मुळात गुराख्यांची झोपडी. उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणांत न्यायच्या, तिथेच राहायचं, दूध काढायचं, चीज करायचं, त्यासाठीचं लाकडी घर म्हणजे शॅले. नंतर डोंगरातल्या सगळ्याच लाकडी घरांना तो शब्द लागला. खाली दगडी जोतं, वर जाड लाकडी भिंती, छपराच्या पाख्या चांगल्या हातभर पुढे आलेल्या म्हणजे बर्फ भिंतीवर पडत नाही, आणि उन्हाने लाकूड अगदी काळपट तपकिरी झालेलं. आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर जर्मनमध्ये कोरलेलं होतं, वर्ष होतं १९३४, आणि जावयाने वाचून अर्थ सांगितला की देवा या घराचं आणि इथे येणाऱ्या जाणाऱ्या सगळ्यांचं रक्षण कर. त्या भागात घरांवर असं कोरायची जुनी पद्धतच आहे. आपण दारावर शुभ लाभ लिहितो, तेच. घर तीन मजली, तळमजल्यावर घरमालकीणबाई स्वतः राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढे, मधला मजला आम्हाला आणि वर अजून एक फ्लॅट. बरेचसे शॅले आता असेच मजल्यांनी वाटलेले आहेत, म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी घरात राहायला जाता आणि खाली वर माणसं असतात.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण आमच्याकडून पहिल्याच रात्री चूक झाली. मुलं प्रवासाने थकून उलट जास्तच उड्या मारायला लागली, लाकडी जमीन, रात्रीचे साडेदहा वाजलेले, आम्ही गप्पांत. दार वाजलं. मालकीणबाई गाउनवर शाल घेऊन उभ्या, आवाज चढवला नाही, फक्त घड्याळ दाखवलं आणि म्हणाल्या की दहानंतर शांतता असते. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की सकाळी उठून आधी त्यांच्यासाठी गोडाचा शिरा केला आणि घेऊन गेले. त्यांनी आत बोलावलं, कॉफी दिली, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझंही तसंच, पण दोन म्हाताऱ्या बायकांना एकमेकींचं बोलणं कळायला फारशी भाषा लागत नाही. तिथे नमस्काराला ग्रुएसेख म्हणतात, झ्युरिकचं ग्रुएत्सी नाही, हे त्यांनीच शिकवलं, आणि रस्त्यात अनोळखी माणसालासुद्धा म्हणायचंच. तिसऱ्या दिवसापासून बेकरीवाली मला बघून आधी म्हणायला लागली.

बुकिंग करताना मात्र फसगत झाली, तीही सांगते म्हणजे दुसऱ्यांना उपयोग होईल. वेबसाइटवर लिहिलं होतं स्टेशनपासून पाच मिनिटं. प्रत्यक्षात वीस मिनिटं, तेही चढ, तेही रस्त्यावर दाबून गोठलेला बर्फ, आणि आमच्याबरोबर चार बॅगा. मी अर्ध्या वाटेत सपशेल खाली बसले, लागलं नाही, पण दोन दिवस भीती मनात राहिली. म्हणून डोंगरातल्या गावात घर घेताना अंतर विचारू नका, चढ किती आहे आणि सामान वर न्यायला बॅटरीची गाडी मिळते का ते विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाने खेळाच्या दुकानातून बुटाला खालून लावायचे रबरी पट्ट्यांवरचे खिळे आणून दिले आणि त्यानंतर मी आठवडाभर एकदाही घसरले नाही. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिकांनी जॅकेटवर हजारो रुपये घालवण्याआधी हे खिळे घ्यावेत, असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे.

पहिल्या पहाटेची गोष्ट. साडेसहाच्या सुमाराला धडाम असा आवाज झाला, खिडकीच्या काचा हलल्या, थोड्या वेळाने परत एकदा. मला वाटलं कडा कोसळला. खाली मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या रात्री ताजा बर्फ पडला की स्कीच्या वाटा उघडायच्या आधी वरच्या उतारांवर मुद्दाम स्फोट करतात, म्हणजे साठलेला बर्फ माणसं नसताना खाली येतो. मग त्यांनी मला दुपारी उन्हात नेऊन गावाच्या वरच्या अंगाला मेनलिखेन डोंगराच्या उतारावर ओळीने उभी केलेली कुंपणं दाखवली, हिमप्रपात अडवायला. दावोसला बर्फाचा आणि हिमप्रपाताचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे, हिवाळाभर रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांचं अनुमान येतं, धोक्याच्या पाच पायऱ्या, आणि गावातली माणसं आपण पावसाचा अंदाज बघतो तसं ते बघतात. १९९९ च्या फेब्रुवारीत इतका बर्फ पडला की ऑस्ट्रियात गाल्टूर गावावर हिमप्रपात येऊन ३१ माणसं गेली, त्याच हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्येही माणसं गेली. त्या हिवाळ्याबद्दल बाई बोलत होत्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला, मी पुढे काही विचारलं नाही. पण आपल्या तरुण मुलांना एवढं नक्की सांगते की खांब लावून आखलेली वाट सोडून बाजूच्या कोऱ्या बर्फात फोटोसाठी उतरू नका, कितीही मोह झाला तरी.

दिवस कसा जायचा असं सगळे विचारतात, तुला तर स्की येत नाही मग दिवसभर काय केलंस. सकाळी आठच्या सुमाराला उजेड. मुलांचा शाळेसारखा कार्यक्रम, स्कीचे बूट खालच्या खोलीत गरम हवेच्या नळ्यांवर वाळत घातलेले असायचे ते घालायचे (हे बूट घालणं म्हणजे एक व्यायाम आहे, सहा वर्षांच्या मुलीच्या पायात ते चढवायला आम्ही दोघी लागायचो), आणि गावाच्या मधोमध शिकणाऱ्यांसाठी सपाटसा उतार आहे तिथे स्कीच्या शाळेत सोडायचं. मी तिथे बाकावर उन्हात बसून बघायचे. पहिल्या दिवशी नात वीस वेळा पडली, मी मोजलं. चौथ्या दिवशी दोन्ही स्की पुढून जवळ आणून ब्रेक लावत खाली आली आणि माझ्यासमोर थांबली, तेव्हा शिकवणाऱ्या मुलीने तिच्याआधी टाळ्या वाजवल्या. शिक्षिका म्हणून मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं, एकदाही पोरांवर ओरडली नाही, एकदाही उचलून उभं केलं नाही, आपलं आपण उठायला लावायची.

नंतर मी चालायला जायचे. आणि इथेच तुमच्या लेखाचं सगळ्यात चुकलं. हिवाळ्यात स्की न येणाऱ्यांसाठी चालायच्या वाटा मुद्दाम मशीनने दाबून तयार केलेल्या असतात, त्यांच्या पाट्या गुलाबी रंगाच्या, म्हणजे स्कीच्या निळ्या, लाल, काळ्या वाटांशी गोंधळ होत नाही. मी रोज तासभर तरी त्या वाटांवर चालले, काठी घेऊन, एकटी. झाडं बर्फाने वाकलेली, खाली दरीत लाउटरब्रुनेन सावलीत आणि वेंगेनवर ऊन, कारण गाव पश्चिमेकडे तोंड करून कड्यावरच्या सपाटीवर बसलंय. थकलं की बाक असतो, बाकावरचा बर्फ कुणीतरी झाडलेला असतो. एक दिवस मेनलिखेनला केबल कारने वर गेलो, तिथून आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरं एका ओळीत. आयगर ३९६७ मीटर, म्हणजे चार हजाराला थोडा कमी, आणि त्याची उत्तरेकडची काळी भिंत बघितली की डोंगर चढणारी माणसं तिच्यासाठी जीव का धोक्यात घालतात ते कळत नाही, पण ती भिंत विसरतापण येत नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी आणि जावयाने गावाच्या वरच्या वेंगर्नाल्प स्टेशनवरून लाकडी घसरगाडीवर बसून गावापर्यंत खाली यायची हौस केली, लेक आणि मी ट्रेनने. युंगफ्राऊयोखलापण, म्हणजे बोगद्यातून ट्रेनने जायच्या त्या उंच स्टेशनला, एक सकाळ गेलो, ३४५४ मीटर, १८९६ ला बोगदा खणायला घेतला आणि १९१२ ला गाडी वर पोचली, हे मुलांना सांगितलं. छानच आहे, पण गर्दी फार, आणि त्यावर तुम्ही बरंच लिहिलंय म्हणून इथे थांबते.

संध्याकाळ मात्र घरातच. साडेचार पावणेपाचला दरी निळी व्हायला लागायची आणि युंगफ्राऊचा माथा तेवढा गुलाबी राहायचा, मग नारिंगी, मग एकदम राखाडी. रोज गॅलरीत उभं राहून आम्ही तो बघायचो, चहाचा कप हातात. हॉटेलात राहिलो असतो तर हे झालं नसतं असं मला वाटतं, कारण हॉटेलात माणूस जेवणाच्या वेळा सांभाळत बसतो. घर असलं की किचन असतं. गावात स्टेशनजवळच सुपरमार्केट आहे, तिथे भाज्या, दही, तांदूळ, मसूर सगळं मिळतं, आम्ही रोज एक वेळ वरणभात आणि एक वेळ तिथलं काहीतरी असं ठेवलं. कुकर घेऊन जा, पण सपाट बुडाचा, कारण तिथे गॅस नाही, काचेची शेगडी असते. त्या उंचीवर पाणी ९६ डिग्रीच्या आसपासच उकळतं त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. आणि फोडणी देताना वरचा पंखा आधी चालू करायचा, धुराचा अलार्म असतो. शाकाहारी लोकांसाठी एक सांगते, रोश्टी म्हणजे बटाट्याचा कीस परतून केलेलं थालीपीठच, ते बिनधास्त खा, पण बऱ्याच ठिकाणी त्यात बेकन घालतात तेव्हा विचारून घ्या, आणि चीज वितळवून केलेल्या फोंड्यूत पांढरी वाइन असते, शिवाय ग्रुइएरसारख्या चीजला दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, ज्यांना चालत नाही त्यांना हे आधी माहिती असलेलं बरं. घरात हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की टाचा आणि ओठ फुटतात, मी कोकणातून आणलेली आमसुलाच्या तेलाची वडी नेली होती, त्यातली अर्धी मालकीणबाईंना दिली, त्यांच्या हाताच्या भेगांना फार बरं वाटलं म्हणाल्या.

कचऱ्याचं सांगायलाच हवं. तिथे बहुतेक गावांत ठराविक पिशवीतच किंवा स्टिकर लावूनच कचरा टाकायचा, आणि त्याचे पैसे आधीच भरलेले असतात, म्हणजे जितका कचरा जास्त तितके पैसे जास्त. काच वेगळी, पुठ्ठा वेगळा, डबे वेगळे. पहिल्या दिवशी मला कटकट वाटली, दुसऱ्या दिवसापासून मी बाजारातून वस्तू घेताना वेष्टन बघायला लागले. शिवाय प्रत्येक पाहुण्यामागे रात्रीचा थोडा कर असतो, त्याच्या बदल्यात पाहुण्यांचं कार्ड मिळतं आणि काही ठिकाणी सवलत. निघताना शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे, हेही बुकिंगच्या वेळी बघून घ्या नाहीतर शेवटच्या दिवशी मनस्ताप. एकूण स्वस्त नाहीच, खोटं कशाला सांगू, पण सहा माणसांची सोय असलेल्या घरात पाच जण राहून रोज घरी जेवलो तर आमच्या ग्रुप टूरच्या मानाने माणशी खर्च फार वेगळा आला नाही, आणि फेब्रुवारीतल्या तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या टाळल्या तर भाडं कमी असतं.

गावाचा इतिहास बाईंनी आणि जावयाने मिळून सांगितला, तो ऐकून मला या सगळ्याकडे बघायची दृष्टी आली. ही गावं गरीब होती. गाई, चीज, गवत, आणि हिवाळाभर घरात बसून राहणं. इंग्रज लोक आधी उन्हाळ्यात यायचे, मग हिवाळ्यात यायला लागले आणि स्कीचा खेळ त्यांनी इथे रुजवला. दरीच्या पलीकडच्या कड्यावर म्युरेन आहे, तिथे १९२२ मध्ये अर्नोल्ड लन या इंग्रज माणसाने झेंड्यांमधून वळणं घेत उतरायची आधुनिक स्लॅलमची पहिली शर्यत घेतली, आणि १९३१ मध्ये आल्पाइन स्कीची पहिली जागतिक स्पर्धा त्याच म्युरेनला झाली. तेव्हा बायकासुद्धा उतरल्या होत्या, आणि एझ्मे मॅकिनन या मुलीने डाउनहिल, म्हणजे सुसाट वेगाने खाली उतरायची शर्यत, आणि स्लॅलम दोन्ही जिंकलं. वेंगेनला १९२५ मध्ये इंग्रजांचा एक क्लब निघाला, नाव डाउनहिल ओन्ली, कारण हे लोक ट्रेनने वर जायचे आणि फक्त खाली उतरायचे, त्याआधी स्की करणाऱ्याला आधी डोंगर चढावा लागायचा. आणि १९३० मध्ये गावच्याच एर्न्स्ट गेर्च यांनी लाउबरहॉर्नची शर्यत सुरू केली, ती आजही दर जानेवारीत होते. स्कीच्या वर्ल्ड कपमधली सगळ्यात लांब डाउनहिल, साडेचार किलोमीटरला थोडी कमी, खेळाडू अडीच मिनिटांत खाली. २०१३ मध्ये योहान क्लारे नावाच्या फ्रेंच खेळाडूचा वेग तिथे ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला. आम्ही होतो तो शर्यतीच्या आधीचा आठवडा, सगळीकडे लाल जाळ्या लावायचं काम चाललेलं, रेल्वेच्या रुळांखालून शर्यतीची वाट जाते ती जागा ट्रेनमधून दिसते. इतक्या अरुंद फटीतून माणूस त्या वेगाने जातो हे बघून नातू डबाभर ओरडला. रात्री सुद्धा मशीनं बर्फ दाबत वर खाली फिरायची, त्यांचे दिवे डोंगरावर हळूहळू सरकताना आमच्या खिडकीतून दिसायचे आणि नात ते मोजत झोपायची.

पण एक गोष्ट मला तिथे खटकली आणि ती मी लपवणार नाही. संध्याकाळी फिरताना बघितलं तर बऱ्याच शॅलेंच्या खिडक्या बंद, दिवा नाही, पायऱ्यांवरचा बर्फ कुणी काढलेला नाही. ती बाहेरच्यांनी विकत घेतलेली घरं, वर्षातले दोन तीन आठवडे उघडतात. तिकडे यांना थंड बिछाने म्हणतात. गावात कायमचे राहणारे १३०० च्या आसपास, आणि दुकानात, स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर काम करणाऱ्या मुलांना राहायला खोली मिळत नाही असं बाई सांगत होत्या. यावर त्या देशाने जनमत घेतलं, ११ मार्च २०१२ ला, फ्रान्झ वेबर या पर्यावरणवाल्या कार्यकर्त्याने उभी केलेली मागणी होती, आणि ५०.६ टक्के लोकांनी हो म्हटलं. ज्या गावात सेकंड होम, म्हणजे अशी सुट्टीपुरती उघडणारी घरं, २० टक्क्यांच्या वर गेली आहेत तिथे नवीन सेकंड होम बांधायला बंदी, कायदा २०१६ पासून लागू. डोंगरातल्या बऱ्याच लोकांचा विरोध होता, कारण बांधकामावर पोट असलेले सुतार गवंडी तिथेही आहेत, आणि बाईंचा स्वतःचा भाऊ विरोधात होता. त्या स्वतः हो म्हणाल्या होत्या. म्हणून मला वाटतं, जायचंच तर ज्या घरात घरमालक राहतो किंवा जे घर वर्षभर पाहुण्यांना दिलं जातं तिथे जावं, म्हणजे आपले पैसे त्या गावात राहतात आणि खिडकीत दिवा लागतो.

आणि दुसरी गोष्ट बर्फाची. पाचव्या दिवशी फॉन वारा सुटला. भूगोलाच्या पुस्तकात स्थानिक वाऱ्यांच्या तक्त्यात फॉन आणि चिनूक आम्ही पाठ करून घ्यायचो, तो हा. रात्रीतून हवा एकदम उबदार झाली, छपरावरून पाणी ठिबकायला लागलं, सकाळी नातवाच्या शाळेच्या उतारावर चिखलासारखा बर्फ. पूर्वी फॉन सुटला की चुली विझवायला लावायचे कारण सगळी घरं लाकडाची, १८९२ मध्ये शेजारच्या ग्रिंडेलवाल्डचा मोठा भाग असाच जळून गेला. आता भीती आगीपेक्षा बर्फ वितळण्याची जास्त. खालच्या उतारांवर तोफांसारख्या मशीनने बर्फ बनवून टाकतात, आम्ही रात्री जो घूं घूं आवाज ऐकत होतो तो त्याचाच. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचं २०२२ मध्ये ६ टक्के आणि २०२३ मध्ये ४ टक्के आकारमान गेलं, दोन वर्षांत. बाई लहान असताना डिसेंबरच्या सुरुवातीपासून घराच्या पायरीवरून स्की घालून शाळेत जायच्या, आता नाताळला गावात कधी बर्फ असतो कधी नसतो. मी फळ्यावर जी हिमनदी काढायचे ती खडूने पुसून दुसऱ्या वर्षी परत काढता यायची. हे बोलताना बाई आणि मी दोघी बराच वेळ गप्प बसलो होतो.

शेवटच्या दिवशी निघताना त्यांनी बॅगा खाली न्यायला शेजाऱ्याची बॅटरीची गाडी बोलावून ठेवली होती, आम्ही न सांगता. मी त्यांना माझी एक इरकल साडी दिली, त्यांनी मला चीजचा तुकडा दिला, त्यांच्या भावाच्या गाईंच्या दुधाचा, ज्या कुरणात त्या गाई उन्हाळ्यात चरतात त्याच उतारावर नात स्की शिकली होती. तो तुकडा अजून फ्रीजमध्ये आहे, थोडा थोडा खातेय.

तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्या लेखातलं ते वाक्य दुरुस्त करावं, आणि जमलं तर स्की न येणाऱ्या, वय झालेल्या वाचकांसाठी हिवाळ्यातल्या चालायच्या वाटा, गुलाबी पाट्या आणि बुटाचे खिळे याबद्दल चार ओळी छापाव्यात. माझ्या ओळखीतल्या तिघीजणी तुमचा लेख वाचून पुढच्या वर्षीचा बेत रद्द करायला निघाल्या आहेत, त्यांना मी थांबवून ठेवलंय.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, नाशिक